रीडिंगहून ग्रॅव्हल राइड: थेम्स पाथ घ्यावा की रिजवे, आणि कधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही वेगळं समजलं असेल तर लगेच कळेल. पुण्याहून रीडिंगला येऊन काही महिने झालेत, ग्रॅव्हल बाइक (कच्च्या वाटांवरही चालणारी, रुंद टायरची सायकल) घेतलीय, ऑक्टोबरच्या शेवटच्या वीकेंडला दोन दिवसांची राइड करायचीय. पहिल्या दिवशी थेम्स पाथने नदीकाठानं ऑक्सफर्ड, दुसऱ्या दिवशी रिजवेवरून डोंगराच्या कडेनं परत, रूट ॲपवर आखून झालाय, आणि विचारताय की ३८ मिलिमीटर रुंदीचे टायर पुरतील का ४५ चे घेऊ. शिवाय बायकोकडे साधी हायब्रिड आहे, ती किती भागात सोबत येऊ शकेल.

टायरचं सांगतेच, पण खरी अडचण टायरची नाहीये. पहिल्या दिवसाचा रूट बराचसा अशा वाटेवर आहे जिथे सायकल चालवायचा हक्कच नाही, आणि दुसरा दिवस कसा जाईल हे टायरवर कमी आणि आधीच्या आठवड्यात पाऊस किती पडला यावर जास्त ठरणार आहे. मी बर्कशर-ऑक्सफर्डशरच्या या पट्ट्यात बरीच वर्षं सायकल चालवतेय, नवीन लोकांना घेऊन ग्रुप राइड काढते, आणि जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस हाच रूट आखून आणतो, कारण नकाशावर तो दिसतोच इतका छान.

आधी हक्काचं बोलू. इथे शेतातून, कुरणातून, रानातून ज्या वाटा जातात त्यांच्याखालची जमीन बहुतेक वेळा खाजगी असते, पण वाटेवरून जायचा हक्क कायद्यानं सगळ्यांना असतो, आणि कोणत्या वाटेवर कोणाला हक्क हे ठरलेलं असतं. खांबावर किंवा फाटकावर पिवळा बाण दिसला तर तो पब्लिक फुटपाथ, म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे ब्राइडलवे, तिथे चालणारे, घोडेस्वार आणि १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टपासून सायकलवालेसुद्धा, पण अट अशी की सायकलवाल्यानं बाकी दोघांना आधी जाऊ द्यायचं. जांभळा बाण म्हणजे रिस्ट्रिक्टेड बायवे, लाल बाण म्हणजे मोटारींनाही खुला असलेला बायवे, आणि या दोन्हीवर सायकल चालते. म्हणजे पिवळा सोडून बाकी सगळे आपले, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे. फुटपाथवर सायकल चालवली तर तो सहसा फौजदारी गुन्हा नसतो, जमीनमालकाशी दिवाणी मामला असतो (रस्त्याकडेच्या पेव्हमेंटचं वेगळं, तिथे चालवणं हा गुन्हाच आहे), म्हणून काही जण म्हणतात की काय फरक पडतो, जा बिनधास्त. मला ते पटत नाही. ती वाट बहुतेक ठिकाणी एका माणसापुरतीच रुंद असते, दर शेताला किसिंग गेट असतं ज्यातून बाइक उभी करून उचलून काढावी लागते, समोरून म्हातारी माणसं कुत्रा घेऊन येत असतात, आणि एकूण हक्काच्या वाटांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा सायकलला खुला असताना उरलेल्याही खुल्या करून मागायच्या असतील तर आपण नीट वागलेलं बरं.

आता थेम्स पाथ. ही १९९६ पासूनची नॅशनल ट्रेल आहे, ग्लॉस्टरशरमधल्या उगमापासून लंडनपर्यंत साधारण २९८ किलोमीटर. जुन्या काळी घोडे नावा ओढायचे ती हीच वाट बऱ्याच ठिकाणी, त्यामुळे लोकांना वाटतं की घोडा गेला तिथे सायकल जाणारच. पण हक्काच्या नोंदीत ती बहुतांशी फुटपाथ म्हणूनच आहे. शहरांमध्ये काही तुकडे सायकलला खुले आहेत, आणि लंडनच्या बाजूला पटनीपासून हॅम्प्टन कोर्टवरून वेब्रिजपर्यंत बराचसा टोपाथ (नावा ओढायची ही काठची वाट) सायकलला चालतो, तो एक दिवस जरूर करा, सपाट आहे आणि नदी कायम डोळ्यासमोर. पण रीडिंग ते ऑक्सफर्ड सलग नदीकाठानं सायकलनं जाता येत नाही. ॲपनं तो रूट दाखवला कारण ॲप लोक कुठून गेलेत ते बघतं, त्यात पळणारे आणि चालणारे सगळे आले. आणखी एक फसणूक म्हणजे ओकच्या फळाची खूण, ती सगळ्या नॅशनल ट्रेलवर असते, तिचा सायकलशी काही संबंध नाही, बाणाचा रंग बघायचा.

म्हणून ॲपवर आखा हरकत नाही, पण आखून झाल्यावर तीच रेघ ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावर एकदा बोटानं फिरवून बघा. या नारंगी कव्हरच्या एक्सप्लोरर मालिकेत हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे फुटपाथ, हिरव्या लांब तुटक रेषा म्हणजे ब्राइडलवे, फुल्या फुल्यांची हिरवी रेघ म्हणजे बायवे. तुमच्या भागासाठी १५९ रीडिंगचा, १५८ न्यूबरी-हंगरफर्डचा आणि १७० व्हेल ऑफ व्हाइट हॉर्सचा, फोनवरही मिळतात, पण मी कागदाचाच घेऊन टेबलावर पसरते कारण फोनवर आजूबाजूची पर्यायी वाट दिसत नाही. आखूड रेघ आणि लांब रेघ यातला फरक पहिल्यांदा डोळ्याला कळत नाही, शेजारी शेजारी दोन सापडल्या की कळतो, आणि एकदा कळला की अर्धं रूट प्लॅनिंग आलंच तुम्हाला.

दुसरी गोष्ट जमीन. इथे ग्रॅव्हल म्हणून जे म्हणतात ते अमेरिकेतल्या फोटोंसारखे खडीचे लांबच लांब रस्ते नसतात, इथे म्हणजे थोडी गल्लीएवढी डांबरी लेन, थोडा ब्राइडलवे, थोडं गवत, थोडा कालव्याचा काठ, असं दर पंधरा मिनिटांनी बदलत जाणारं मिश्रण असतं. आणि त्या मिश्रणात काय येणार हे खालचा दगड ठरवतो. बर्कशर डाउन्स, म्हणजे ज्यावरून रिजवे जातो ती टेकड्यांची रांग, खडूच्या दगडाची आहे. खडू पाणी पिऊन टाकतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावर वरची वाट एक-दोन दिवसांत चालण्याजोगी होते. पण ओली असताना वरचा पांढरा थर फार निसरडा, आणि त्यात गारगोटीचे धारदार तुकडे असतात जे टायरची बाजू कापतात. याच टेकड्यांच्या उत्तरेला पायथ्याशी व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स आहे, तिथे मात्र चिकणमाती. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या रानात सायकल घातल्यावर जसं चाक फिरायचंच बंद होतं तसंच तिथे नोव्हेंबर ते मार्च होतं, फोर्कमध्ये माती भरते आणि बाइक खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून माझा साधा हिशोब: ओल्या दिवसांत वर राहायचं, खडूवर, आणि खाली उतरलो की डांबरी लेन धरायच्या. खोऱ्यातले आणि नदीकाठचे ब्राइडलवे एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत.

नदीकाठचं अजून एक असतं, पूर. थेम्स आणि केनेट दोन्ही हिवाळ्यात काठाबाहेर येतात, आणि पाणी ओसरल्यावरही वाटेवर गाळ कितीतरी दिवस राहतो. निघायच्या आदल्या दिवशी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या नदीपातळ्या सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येतात, गावोगावच्या मापकांचा आलेख असतो, रेघ वर चढत असेल तर त्या दिवशी नदीकाठ सोडून द्यायचा.

मग तुम्ही काय करावं? मी तुमच्या जागी ऑक्सफर्ड सोडून देईन. (जायचंच असेल तर नॅशनल सायकल नेटवर्कचा रूट ५ आहे, वॉलिंगफर्ड, डिडकॉट, ॲबिंग्डनवरून जातो, चांगला आहे, पण त्यात ग्रॅव्हल कमी.) त्याऐवजी असा लूप करा: रीडिंगहून लोकल ट्रेननं गोरिंग अँड स्ट्रीटली, पूल ओलांडून स्ट्रीटली, तिथून रेक्टरी रोडनं वॉरन फार्मपर्यंत डांबरी, आणि तिथून डांबर संपून रिजवेचा कच्चा ट्रॅक सुरू. रिजवे एकूण १३९ किलोमीटरचा, एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत, पण लक्षात ठेवा की स्ट्रीटलीच्या पश्चिमेचा अर्धा भाग ब्राइडलवे आणि बायवे आहे, तो पूर्ण आपला, आणि थेम्सच्या पूर्वेकडे गोरिंगपासून पुढे बरेच तुकडे फुटपाथ आहेत. त्यामुळे "रिजवे सायकलला खुला आहे का" याचं उत्तर कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर आहे.

वर चढलात की मग दृश्य उघडतं. ही वाट काही ठिकाणी इतकी रुंद की चार बैलगाड्या शेजारी शेजारी जातील, मधे गवत, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या, आणि उजव्या हाताला खाली सगळं खोरं. ईस्ट इल्स्लीच्या पुढे ए-३४ च्या खालून बोगद्यातून पलीकडे जायचं, मग खाली हारवेलची डायमंड सिंक्रोट्रॉनची ती गोल चंदेरी इमारत दिसते, पूर्वी डिडकॉट वीज केंद्राचे कूलिंग टॉवरही इथून दिसायचे, शेवटचे तीन २०१९ मध्ये पाडले. चाकोरीबद्दल एक सांगते: ओलं असेल तर चाकोरीत शिरून मग बाहेर यायचा प्रयत्न करू नका, पुढचं चाक कडेला घासतं आणि माणूस सरळ आडवा होतो. आत आहात तर आतच राहा, हँडल सैल धरा, वजन मागे, आणि सपाट जागा आली की बाहेर या. शक्यतो मधल्या गवतावरूनच चालवा, हळू जाईल पण पकड मिळते.

वीसेक किलोमीटरवर वॉंटेजच्या वरचं कोर्ट हिल, तिथून पुढे स्पारशोल्ट फर्स, ब्लोइंगस्टोन हिल आणि मग अफिंग्टन कॅसल. इथे किल्ला म्हणजे तटबंदी-बुरूज शोधू नका, लोहयुगातला मातीचा गोल बांध आहे. शेजारीच टेकडीच्या उतारावर खडूत कोरलेला पांढरा घोडा, शंभर मीटरहून लांब, साधारण ३००० वर्षांपूर्वीचा. गंमत म्हणजे वरून जवळ उभं राहिलं की फक्त एखाद-दुसरी वळणदार पांढरी रेघ दिसते, पूर्ण घोडा दिसायला खाली खोऱ्यात जावं लागतं. ही २६१ मीटरची टेकडी ऑक्सफर्डशरमधली सगळ्यात उंच जागा. सिंहगड चढलेल्या माणसाला आकडा किरकोळ वाटेल, पण इथली चढण एकसलग नसते, उतरा-चढा उतरा-चढा करत दिवसभरात बेरीज बरीच होते. मागे मोठा कॉग, म्हणजे मोठी दातेरी चकती, असलेले गिअर असतील तर बरं.

पाण्याचं मात्र नीट ऐका. रिजवेवर गावं नाहीत. कारण तोच खडू, पाणी वर थांबतच नाही, मुरतं आणि पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतं, म्हणून सगळी जुनी गावं पायथ्याशी ओळीनं वसलीत. वाटेत मोजक्या ठिकाणी नळ आहेत, पण त्यांच्या भरवशावर निघू नका, एकदा गावात उतरलात की शंभरेक मीटर परत चढायचं असतं. दोन मोठ्या बाटल्या भरून न्या आणि खायला सोबत ठेवा. पबमध्ये दुपारी अडीच-तीननंतर किचन बऱ्याचदा बंद होतं आणि संध्याकाळीच उघडतं, मधल्या वेळेत चिप्सच्या पाकिटावर भागवावं लागतं. मी चिक्की आणि तिखटमिठाच्या पुऱ्या नेते, थंडीत एनर्जी बार दगड होतात, पुरीचं तसं काही होत नाही.

घोडा बघून झाला की दोन-तीन किलोमीटर मागे ब्लोइंगस्टोन हिलच्या क्रॉसिंगला या आणि दक्षिणेला वळा, छोटा रस्ता सेव्हन बॅरोजवरून, म्हणजे कांस्ययुगातल्या दफनाच्या उंचवट्यांजवळून, लॅम्बोर्नला उतरतो. लॅम्बोर्न म्हणजे रेसच्या घोड्यांचं गाव. सकाळी त्यांच्या रांगाच्या रांगा बाहेर पडतात, आणि गवताचे जे सुंदर गुळगुळीत पट्टे दिसतात ते गॅलप्स, त्यांवर सायकल चुकूनही घालायची नाही. घोडा दिसला की लांबूनच मोठ्यानं हॅलो म्हणा, बेल नको. माणसाचा आवाज ऐकला की घोड्याला कळतं की येतोय तो माणूस आहे. मग हळू व्हा, स्वार हो म्हणेपर्यंत थांबा, आणि जागा सोडून पुढे जा. मुक्काम इथे किंवा पुढे न्यूबरीला.

दुसरा दिवस उताराचा. लॅम्बोर्न नदीच्या बाजूबाजूनं ग्रेट शेफर्ड, बॉक्सफर्ड करत लेननं न्यूबरी, साधारण वीस किलोमीटर. नदी लहानशी आहे, तळाचे दगड दिसतील इतकी स्वच्छ, कारण खडूतून गाळून आलेलं पाणी. न्यूबरीला ती केनेटला मिळते, आणि तिथून केनेट अँड एव्हन कालव्याचा टोपाथ धरून रीडिंग, तीसेक किलोमीटर, बराचसा नॅशनल सायकल नेटवर्कचा रूट ४. हा कालवा रीडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत १४० किलोमीटर, १८१० मध्ये पूर्ण झाला, पुढे मोडकळीला आला आणि लोकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केल्यावर १९९० मध्ये परत सुरू झाला. त्यामुळे तुम्हाला नदीकाठ हवाच होता तो असा मिळतो, सायकल चालवायची परवानगी असलेला. शिवाय रेल्वेलाइन बाजूनंच जाते, थॅचम, मिजम, ऑल्डरमास्टन, थील, कुठेही कंटाळा आला, पंक्चर झालं, अंधार पडला तर ट्रेन.

टोपाथवर मात्र वेग विसरायचा. चालणाऱ्यांचा मान पहिला. विटांच्या कमानीच्या पुलाखाली वाट आत वळते आणि पलीकडचं काही दिसत नाही, तिथे अलीकडेच बेल दोनदा वाजवा, गरज पडली तर उतरा. पुलाच्या कोपऱ्यावर हात फिरवून बघा, काही ठिकाणी दगडात किंवा लोखंडात खोल खाचा सापडतील, घोड्यांनी नावा ओढताना दोर घासून पडलेल्या. मासे धरणारे लांबच लांब गळ वाटेवर आडवे ठेवून बसतात, तो गळ महाग असतो, त्यांनी मागे घेईपर्यंत पाय टेकून थांबा. बोटी बांधलेल्या असतील तिथे गवतातल्या खुंट्या आणि दोर बघून चालवा.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: थेम्स पाथ रीडिंग-ऑक्सफर्ड रद्द, त्याऐवजी स्ट्रीटलीहून रिजवे, पांढरा घोडा, लॅम्बोर्न, न्यूबरी, कालव्यानं घरी. अंदाजे ९५ किलोमीटर, दोन दिवसांत निवांत.

आता टायर. कोरड्या जूनमध्ये ३८ चालतात, ऑक्टोबरअखेर मी ४३-४५ च लावेन, फ्रेममध्ये चिखलासाठी दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरत असेल तर. आणि ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, छोटी भोकं आतल्या द्रवानं (सीलंट) आपोआप बुजणारे. याचं कारण गारगोटी तर आहेच, पण दुसरं कारण नवीन माणसाला माहीत नसतं: मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीमुळे शेतकऱ्यांना कुंपणाच्या झाडोऱ्याची छाटणी करायला बंदी असते, आणि सप्टेंबरपासून ती धडाक्यात सुरू होते. ब्लॅकथॉर्न आणि हॉथॉर्नचे काटे सगळ्या लेनभर पसरतात. सीलंट ताजं भरा, मोठं भोक बुजवायचं प्लग किट आणि एक ट्यूब सोबत ठेवा. हवेचा दाब वजनावर आहे. तुम्ही सामानासकट ऐंशीच्या आसपास असाल तर ४५ ला पुढे २८-३० आणि मागे ३२ पीएसआयपासून सुरू करा, रिमला दगड लागल्याचा आवाज आला तर दोन वाढवा.

तारखेचं एक राहिलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे शनिवारी पावणेसहाला मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचच्या आतच जाईल. तुमचा रविवार कालव्याचा आहे, तिथे अंधारात पुलाखालून जाणं धोक्याचं. पुढे-मागे दिवे घ्याच आणि न्यूबरी दुपारी एकपर्यंत सोडा. आणि त्या आठवड्यात सलग पाऊस झाला असेल तर राइड मेपर्यंत पुढे ढकला, मे महिन्यात रिजवेवर हॉथॉर्न फुललेला असतो आणि रात्री साडेआठपर्यंत उजेड.

तुमच्या मिसेसचं: त्यांनी शनिवारी विश्रांती घ्यावी, किंवा रिजवे करायचाच तर कोरड्या उन्हाळ्यात. रविवारी सकाळी रीडिंगहून ट्रेननं सायकल घेऊन न्यूबरीला याव्यात आणि तिथून तुमच्यासोबत टोपाथनं घरी. हायब्रिडला ३५ चे टायर असतील तर ठीक, पातळ असतील तर गवताळ तुकड्यांत थोडं ढकलावं लागेल. लोकल गाड्यांत सायकलला सहसा रिझर्वेशन लागत नाही, लांबपल्ल्याच्या इंटरसिटी गाड्यांत लागतं, आणि रविवारी रुळांची कामं काढतात म्हणून आदल्या रात्री गाडी खरंच आहे ना ते बघून ठेवा. तुमच्या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो आणि मागचा सगळ्यात मोठा कॉग किती दातांचा आहे ते कळवा, मग गिअरचंही नेमकं सांगता येईल.